बाबांना हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही निघालेत, आधी कशाचं औषध सुरू करायचं?

धायरीकर_८८

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण डोकं चालेनासं झालंय म्हणून सगळंच सांगतो. माझे बाबा ६१ वर्षांचे, भोसरी एमआयडीसीत टर्नर होते, तीन वर्षांपूर्वी रिटायर झाले. दारूला कधी हात लावला नाही, तंबाखू होती ती पण सोडली. गेल्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, त्याआधी रक्त तपासलं तर एचबीएसएजी पॉझिटिव्ह आणि अँटी-एचसीव्ही पण पॉझिटिव्ह. म्हणजे बी आणि सी दोन्ही. ऑपरेशन राहिलं बाजूला, काउंटरवरच्या मुलीने दहा लोकांसमोर मोठ्याने सांगितलं की तुमचे दोन पॉझिटिव्ह आहेत, डॉक्टर आत्ता करणार नाहीत. बाबा त्या दिवसापासून नीट बोलत नाहीयेत.

१९९४ ला नाशिक फाट्याजवळ त्यांचा अॅक्सिडेंट झाला होता, मांडीचं हाड मोडलं होतं, तेव्हा दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. आम्हाला वाटतंय त्यातूनच आलं असणार, दुसरं काही आठवतच नाही.

पुढच्या टेस्ट झाल्या त्या अशा: एचसीव्हीचा व्हायरल लोड २२ लाख, एचबीव्ही डीएनए फक्त १८०, एसजीपीटी (लिव्हरला किती इजा होतेय ते दाखवणारी टेस्ट) ६८, प्लेटलेट १ लाख ३५ हजार, फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय त्याची तपासणी) ११.४. आता एक डॉक्टर म्हणाले सीच्या गोळ्या लगेच सुरू करा, १२ आठवड्यांत बरे होतील, बी तर झोपलेला आहे त्याला हात लावू नका. दुसरीकडे दाखवलं तर ते म्हणाले बीचं औषध आधी चालू केल्याशिवाय सीच्या गोळ्यांना हात लावायचा नाही. दोघंही चांगले शिकलेले, आम्ही कुणाचं ऐकायचं? आणि मला हेच कळत नाही की दोन विषाणू आहेत तर दोन्ही जोरात असायला पाहिजेत ना, मग बी एवढा कमी कसा काय? शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्याशी लढतीय असं समजायचं का?

अजून एक, आईने बाबांचं ताट आणि पेला वेगळा केलाय. पेल्याच्या बुडाला खूण म्हणून लाल नेलपेंटचा ठिपका लावलाय. मला ते बघवत नाही पण तिलाही काय सांगावं कळत नाही. प्लीज कुणाला माहिती असेल तर सांगा.

लॅबवाली_हडपसर

दादा, आधी ताटाचं सांगते कारण ते आजच्या आज बदलता येईल. बी किंवा सी दोन्ही जेवणातून, एका ताटातून, पेल्यातून, शेजारी झोपल्याने पसरत नाहीत. रक्तातून पसरतात, आणि बी लैंगिक संबंधातून आणि आईकडून बाळाला पण. तेव्हा वेगळं ठेवायचं ते दाढीचं ब्लेड, टूथब्रश, नेलकटर, आणि शुगर तपासायची सुई असेल तर ती. पेला नाही. तुम्ही, आई, भावंडं सगळ्यांनी एचबीएसएजी तपासून घ्या, जे निगेटिव्ह असतील त्यांनी बीची लस घ्या, ०, १ आणि ६ महिन्याला अशी तीन इंजेक्शनं. सीची लस अजून निघालेली नाही त्यामुळे त्याची नुसती टेस्ट करायची. बाबांना मात्र आता बीच्या लसीचा उपयोग नाही, ती लागण व्हायच्या आधीची गोष्ट आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न. मी मायक्रोबायॉलॉजीवाली, १४ वर्षं लॅबमध्ये आहे, डॉक्टर नाही, तरी हा प्रकार रिपोर्टमध्ये बऱ्याचदा बघितलाय. बी आणि सी एकत्र असले की बहुतेक वेळा सी वरचढ होतो आणि बी दबून राहतो. म्हणूनच २२ लाख आणि १८०. पण बी दबलाय तो बाबांच्या शरीराने बीला ओळखून हरवलंय म्हणून नाही. सीमुळे लिव्हरमध्ये इंटरफेरॉनची यंत्रणा कायम पेटलेली राहते, म्हणजे पेशी आजूबाजूच्या पेशींना सावध करणारे रासायनिक निरोप सोडत राहतात, आणि त्या वातावरणात बीला डोकं वर काढता येत नाही. लॅबमध्ये एकाच प्रकारच्या पेशींत दोन्ही विषाणू वाढवून बघितले तर ते एकमेकांना थेट अडवत नाहीत असं दिसलंय, त्यामुळे ही दाबादाबी प्रतिकारशक्तीमार्फत होते असंच मानतात. गंमत बघा, सी स्वतः त्या यंत्रणेला बऱ्यापैकी दाद देत नाही आणि मार खातो तो बी.

मग सीच्या गोळ्या चालू केल्या की काय होतं? त्या गोळ्या भयंकर चांगल्या आहेत, दोन-चार आठवड्यांत सी रक्तात दिसेनासा होतो. सी गेला की इंटरफेरॉनचा जाळ पण शांत होतो आणि बीवरचं झाकण उघडतं. त्यात बीची एक वाईट खोड, त्याचा डीएनए लिव्हरच्या पेशीच्या केंद्रकात गोल कडी करून बसतो, सीसीसीडीएनए म्हणतात त्याला, आणि तो वर्षानुवर्षं तिथंच राहतो. त्यातून परत विषाणू तयार व्हायला लागतात. अमेरिकेच्या एफडीएने ऑक्टोबर २०१६ मध्ये सीच्या या सगळ्या गोळ्यांच्या पाकिटावर ठळक चौकटीत इशारा छापायला लावला तो ह्याचसाठी, तेव्हा त्यांच्यापुढे असे २४ पेशंट होते, दोघे दगावले होते आणि एकाचं लिव्हर बदलायला लागलं होतं. तेव्हापासून नियम असा की सी सुरू करायच्या आधी प्रत्येकाची बीची टेस्ट.

युरोपातल्या लिव्हर सोसायटीची शिफारस अशी आहे की एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर सीच्या गोळ्यांसोबत बीचं औषध पण द्यायचं आणि सीचा कोर्स संपल्यावर निदान १२ आठवडे चालू ठेवायचं. काही डॉक्टर औषध न देता दर ४ ते ८ आठवड्यांनी डीएनए बघत राहतात, ती पण एक मान्य पद्धत आहे. पण काहीच करायचं नाही, बघायचंच नाही, ही पद्धत नाही. बाबांचा फायब्रोस्कॅन ११.४ म्हणजे लिव्हरवर बरेच व्रण झालेत, प्लेटलेट पण कमी आहेत, अशा लिव्हरला एक मोठा झटका झेपेलच असं नाही, म्हणून मला दुसऱ्या डॉक्टरांचं पटतं.

अजून एक टेस्ट विचारा, अँटी-एचडीव्ही. डी नावाचा विषाणू आहे, १९७७ मध्ये इटलीत तुरिनला सापडला, तो एकटा जगूच शकत नाही, बीचंच कवच पांघरून फिरतो. तो पण बीला दाबतो. बी कमी आणि लिव्हर खराब असं दिसलं की डी आहे का हे एकदा बघून घ्यावं. आपल्याकडे डी फार आढळत नाही पण एकदाच करायची टेस्ट आहे.

कर्वेनगरकर

लॅबवाली ताईंनी जे लिहिलंय ते माझ्या अंगावर घडलेलं आहे म्हणून लिहितो. मला २०१७ ला सी निघाला, सोफोसबुविर-डॅक्लाटासविर चालू केलं, तेव्हा बी कुणी तपासलाच नाही, मी पण विचारलं नाही कारण मला माहीतच नव्हतं की विचारायचं असतं. चार आठवड्यांनी सीचा लोड शून्य आला, घरी पेढे वाटले. सातव्या आठवड्यात एक दिवस सकाळी ऑफिसला निघालो तर शनिपाराच्या चौकात गाडी लावली आणि पाय उचलेना, असा थकवा की खाली बसून राहावं. मला वाटलं गोळ्यांचाच त्रास असेल. दोन दिवसांनी लघवी कोऱ्या चहासारखी झाली, बायको म्हणाली डोळे बघा आरशात, पिवळे हळद. एसजीपीटी ११०० निघाला. मग बीची टेस्ट झाली, पॉझिटिव्ह, डीएनए कोटींमध्ये. तोपर्यंत बी लहानपणापासून अंगात गपगुमान बसला होता.

नऊ दिवस अॅडमिट होतो. टेनोफोविर चालू केलं आणि हळूहळू उतरलं. सी पूर्ण बरा झाला, बीची एक गोळी रोज रात्री घेतो, आज सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. ज्यांनी टेस्ट केली नाही त्यांना दोष देऊन मला काही मिळणार नाही, पण तुमच्या बाबांच्या बाबतीत आधीच कळलंय, ही फार मोठी गोष्ट आहे हो. ती हातची घालवू नका.

मला तेव्हा एका सीनियर डॉक्टरांनी समजावलेलं वाक्य अजून लक्षात आहे की लिव्हर विषाणूने खाल्लं नाही, तुमच्याच सैन्याने जाळलं. म्हणजे बीचा विषाणू स्वतः लिव्हरच्या पेशीला फारसं मारत नाही, तो दिसल्यावर आपल्या टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीचं सैन्य, लिव्हरच्या त्या पेशींवर तुटून पडतात आणि त्यात एसजीपीटी उसळतो. सी दबाव टाकत होता तेव्हा बी दिसत नव्हता, तो गेल्यावर बी एकदम वाढला आणि सैन्य जागं झालं. त्यामुळे एसजीपीटी कमी म्हणजे सगळं छान हा हिशोब दोन विषाणूंच्या पेशंटला लावू नका.

धायरीकर_८८

खूप खूप आभार दोघांचे. कर्वेनगरकर काका तुमचं वाचून अंगावर काटा आला. आईला रात्रीच वाचून दाखवलं, ताटाचं पण. ती काही बोलली नाही पण रडली थोडी, म्हणाली मला कुणीच सांगितलं नाही. एक विचारायचं होतं, टी पेशी जर एवढं करतात तर इतकी वर्षं त्यांनी दोन्ही विषाणू संपवले का नाहीत?

लॅबवाली_हडपसर

कारण त्या थकतात. खरंच तोच शब्द आहे, टी पेशींचा थकवा. वर्षानुवर्षं समोर तोच शत्रू आणि तोही भरमसाट, मग त्या पेशींवर पीडी-१ सारखे ब्रेक चढतात आणि त्या लढायचं सोडून देतात. अर्धवट लढत राहतात, म्हणजे विषाणू संपत नाही पण जळजळ चालू राहते आणि त्या जळजळीतून लिव्हरमध्ये व्रण पडत जातात, पुढे सिरॉसिस. दोन विषाणू असले की हे जास्त वेगाने होतं, लिव्हरच्या कॅन्सरचा धोका पण एकापेक्षा दोघांत जास्त. बी मोठेपणी झाला तर शंभरातले ९५ जण स्वतःच बरे होतात, बाळपणी झाला तर ९० जणांच्यात कायमचा राहतो कारण बाळाची प्रतिकारशक्ती त्याला परका म्हणून ओळखतच नाही. म्हणून तुमच्या बाबांचा बी रक्तातून आला की जन्मापासूनचा हे मला सांगता येणार नाही. सी मात्र १९९४ च्या रक्तातून असणं अगदी शक्य आहे, तेव्हा आपल्याकडे रक्तपेढीत सीची तपासणी सक्तीची नव्हती, ती २००० नंतर झाली.

आजीला, आत्यांना, काकांना पण तपासायला सांगा. आजीकडून आलेला असेल तर भावंडांतही असेल.

एआरटी_समुपदेशक_पिंपरी

दोन मिनिटं माझंही ऐका. मी एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथं, समुपदेशक आहे. बाबांची एचआयव्ही टेस्ट झाली का? राग मानू नका, १९९४ चं रक्त आणि दोन विषाणू निघालेत म्हणजे तिसरा बघायलाच हवा, आणि नियम पण तोच आहे. बीचं एन्टेकाविर नावाचं औषध नुसतं एकटं एचआयव्हीच्या पेशंटला दिलं तर एचआयव्ही औषधाला निबर होऊ शकतो, म्हणून बीचं औषध लिहायच्या आधी हे माहीत असायलाच लागतं.

एचआयव्ही सोबत असेल तर चित्र वेगळं असतं. एचआयव्ही सीडी४ पेशी खातो, त्या म्हणजे बाकी सैन्याला हुकूम देणाऱ्या. हुकूम देणारंच नाही म्हणल्यावर बी-सीवरचा हल्ला पण ढिला पडतो, म्हणून अशा पेशंटचा एसजीपीटी कधी कधी जवळजवळ नॉर्मल आणि आत व्रण मात्र भराभर वाढतायत असं असतं. दुसरं म्हणजे एचआयव्हीने आतड्याची भिंत पोखरली जाते, आतड्यातल्या जंतूंचे तुकडे पोर्टल शिरेतून सरळ लिव्हरला जातात आणि तिथं रोज नवी जळजळ. सी आणि एचआयव्ही एकत्र असले की सिरॉसिस लवकर येतो तो ह्या सगळ्यातून. मग एआरटी चालू केली, सैन्य परत उभं राहिलं की ते बीवर तुटून पडतं आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत एसजीपीटी वाढतो, तेव्हा पेशंट घाबरून गोळ्याच बंद करतो आणि खरा घात तिथं होतो.

सरकारी एआरटीच्या रोजच्या एका गोळीत टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर असतं. त्यातली पहिली दोन बीवर पण काम करतात. चाकणचा एक ट्रक ड्रायव्हर माझ्याकडे यायचा, वजन वाढलं, बरं वाटायला लागलं म्हणून गावी गेला तो गोळ्या न घेताच, दोन महिन्यांनी आला ते पिवळा होऊन, पोटात पाणी. एचआयव्हीने नाही, बी उसळला म्हणून. माझ्यासमोर खुर्चीत बसला होता आणि एकच म्हणत होता की ताई मला बरं वाटत होतं हो. बीची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करायची नसते हे मी त्यानंतर प्रत्येकाला पहिल्या भेटीत दोनदा सांगते, आणि इथं पण सांगते.

बी आणि सी दोन्हीची तपासणी आणि औषधं सरकारच्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस कार्यक्रमात फुकट आहेत, हा कार्यक्रम २०१८ ला सुरू झाला. जिल्ह्याच्या सरकारी हॉस्पिटलला चौकशी करा, रेशन कार्ड-आधार घेऊन जा.

जुन्नर_रानवारा

आमच्याकडे काविळीची माळ घालतात, डोक्यात घातली की हळूहळू वाढत पायापर्यंत उतरते आणि कावीळ उतरते, चुन्याच्या पाण्याने हात धुतात ते पिवळं होतं. माझ्या चुलत्याला गुण आला होता. हे सोबत करायला काय हरकत आहे, औषध चालू ठेवूनच.

कर्वेनगरकर

रानवारा भाऊ, तुम्ही आपुलकीने सांगताय हे कळतंय. माझ्या सासूबाईंनी पण मला माळ घातली होती, मी घालून घेतली, तिच्या मनाला बरं वाटलं. ती माळ नुसती डोक्यावर असती तर काही नाही. पण चुलत्यांना झाली असेल ती बहुतेक पाण्यातून होणारी ए किंवा ई कावीळ, ती महिन्या-दीड महिन्यात बहुतेकांची आपोआपच उतरते, माळ घातली तरी आणि नाही घातली तरी. बी-सी तशी उतरत नाही. आणि माळेसोबत जे झाडपाल्याचं पोटात देतात किंवा नाकात थेंब घालतात ते ह्यांच्या बाबांना अजिबात नको, आधीच व्रण पडलेल्या लिव्हरला कुठला पाला झेपेल कुणालाच माहीत नाही. माझ्या वॉर्डात शेजारच्या कॉटवर तसं औषध घेऊन आलेला २६ वर्षांचा मुलगा होता. तो घरी गेला नाही.

लॅबवाली_हडपसर

ए आणि ईचा विषय निघालाच आहे तर, हे धायरीकरांसाठी महत्त्वाचं आहे. बी-सीच्या पेशंटला वरून ए किंवा ई झाला तर तो साधी कावीळ राहत नाही, लिव्हर एकदम फेल जाऊ शकतं. बाबांना हिपॅटायटिस एची प्रतिकारशक्ती आहे का ते तपासा, नसेल तर त्याची लस आहे. ईची लस आपल्याकडे रोजच्या वापरात नाही, तिथं पाणीच सांभाळायचं. तुमच्या सिंहगड रोड-धायरी पट्ट्यात २०२५ च्या जानेवारीत जीबीएस या नसांच्या आजाराच्या साथीच्या वेळी सगळे पाणी उकळून पीत होते ना, ती सवय बाबांसाठी कायमची ठेवा, विशेषतः पावसाळ्यात. बाहेरचा उसाचा रस, बर्फ नको.

आणि ईची ओळख पटण्यात आपल्या पुण्याचा हात आहे हे फार जणांना माहीत नसतं. १९५५-५६ ला दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून हजारो लोकांना कावीळ झाली, वर्षानुवर्षं सगळ्यांना ती ए वाटत होती. १९८० मध्ये जपून ठेवलेले रक्ताचे नमुने परत तपासले तेव्हा कळलं की ही ए नव्हतीच, आणि त्या कामात आपल्या एनआयव्हीचे, म्हणजे पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे, शास्त्रज्ञ होते. माझा तर ऊर भरून येतो हे सांगताना.

औषधांबद्दल डॉक्टरांना विचारायच्या दोन गोष्टी लिहून न्या. बाबा पित्ताची गोळी घेतात का? सीच्या वेल्पाटासविर असलेल्या गोळीला पोटात आम्ल लागतं, सकाळी पॅन्टोप्राझोल घेतलं तर ती नीट शोषली जात नाही. आणि त्याच गोळीसोबत जुन्या प्रकारचं टेनोफोविर दिलं तर रक्तात टेनोफोविरचं प्रमाण वाढतं, म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची टेस्ट, बघत राहावं लागतं.

धायरीकर_८८

उशिरा लिहितोय, माफ करा, मधे धावपळ होती. एचआयव्ही निगेटिव्ह, डी निगेटिव्ह. आईला आणि मला काही नाही, लसीचा पहिला डोस झाला. पण मोठ्या आत्यांची टेस्ट केली तर त्यांनाही बी निघाला, म्हणजे लॅबवाली ताई म्हणाल्या तसं आजीकडूनच आलेला दिसतोय. आत्यांना आता आम्हीच घेऊन जातोय तपासायला.

दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं म्हणणं सांगितलं. पहिल्या डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले फायब्रोस्कॅन बघता बीचं कव्हर देणं बरोबर आहे. एन्टेकाविर सुरू झालं, ते उपाशीपोटी घ्यायचं, जेवणानंतर दोन तास आणि पुढचं खाणं दोन तास नाही, म्हणून बाबा पहाटे साडेचारला उठून घेतात, तसेही फर्स्ट शिफ्टच्या सवयीने उठतातच. बाबा रोज पित्ताची गोळी घ्यायचे हे आम्ही कुणी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, ती बंद केली. दोन आठवड्यांनी सीच्या गोळ्या चालू झाल्या. भिंतीवरच्या कालनिर्णयवर बाबा स्वतः रोज दोन टिंबं देतात, निळं एन्टेकाविरचं, काळं सीचं.

काल चार आठवडे झाले. सीचा लोड सापडला नाही, एसजीपीटी ३१, बीचा डीएनए पण सापडला नाही. कर्वेनगरकर काका, पेढे आणले नाहीत, तुमचं सातव्या आठवड्याचं डोक्यात आहे. पुढचं रक्त आठव्या आठवड्याला, मग कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी सीची शेवटची टेस्ट, आणि सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी कायम, कारण डॉक्टर म्हणाले विषाणू गेला तरी पडलेले व्रण आणि कॅन्सरचा धोका लगेच जात नाही.

मोतीबिंदूचं दुसरीकडे विचारलं, ते म्हणाले आम्ही करू, नेहमीची काळजी घेऊन करतात. पुढच्या महिन्याची तारीख मिळालीय. आठव्या आठवड्याचा रिपोर्ट आला की इथेच टाकतो.